खोटारडा काटा

२ जानेवारी
उद्या ओरेगनहून निघायचं. मुक्काम अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात, क्वार्ट्झसाइटच्या दगडांच्या बाजारात. माझे अगेट, जॅस्पर आणि दगड झालेली लाकडं बघून तिथले लोक तोंडात बोटं घालतील. आमची मोटरहोम, म्हणजे घरच असलेली गाडी, १९८६ची. तेव्हा लोखंड लोखंड होतं.

मेव्हणा वेंडल पिकअपला ट्रेलर जोडून मागोमाग येणार, नशीब आमचं. म्हणतो, आधी गाडी वजनकाट्यावर घाल. मी हिशेब दाखवला: गाडीच्या पाटीवर छापलेल्या कमाल वजनातून माहितीपत्रकातलं रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं, की सामानाला नऊशे पौंड उरतात. म्हणे त्यात नंतर बसवलेला जनरेटर आणि टाकीतलं पाणी धरलेलं नाही. पाण्याचं वजन! शहाणा.

३ जानेवारी, दुपार
मागचा टायर फुटला. हल्लीचे टायर भिकार. वेंडलने ट्रकवाल्यांच्या काट्यावर न्यायलाच लावलं. वजन बरंच जास्त निघालं. काटा बिघडलेला, उघड आहे. पण मॅक्सिनला नवऱ्यापेक्षा भाऊ खरा.

संकल्प: फालतू सामान कमी. तिचं शिलाई मशीन धर्मादाय दुकानात दिलं. ती काही बोलली नाही, म्हणजे पटलं. दगड राहतील. ते पलंगाखाली आहेत आणि खाली ठेवलेलं वजन गाडीला लागत नाही.

५ जानेवारी
दुसरा काटा. तोही बिघडलेला. ट्रकवाल्यांची मिलीभगत.
मॅक्सिनचे बिडाचे तवे काढले. पीचच्या बरण्या वेंडलने ट्रेलरमध्ये घेतल्या, हावरट. वाळवंटात जायचं म्हणून पाण्याची टाकी काठोकाठ भरून घेतली. पूर्वतयारी कशाला म्हणतात ते या माणसाला कधी कळणार?

६ जानेवारी
घाट उतरताना ब्रेकचा जळका वास. थांबावं लागलं. मॅक्सिनने शांतपणे विचारलं, "हार्लन, या गाडीत माझं आता काय उरलंय?"

मी प्रामाणिकपणे पाहिलं. टूथब्रश होता. मग गंमत म्हणून तिचं स्वतःचं वजन विचारलं. ती उतरून वेंडलच्या पिकअपमध्ये जाऊन बसली. त्या घराण्यात विनोद कोणालाच कळत नाही. ते दोघं तिथूनच माघारी फिरले. बरं झालं. आता वजन बसेल.

७ जानेवारी
नाही बसलं.

११ जानेवारी, क्वार्ट्झसाइट
इथे जो तो दगड घेऊन आलाय. अगेट, जॅस्पर, दगड झालेली लाकडं. अदलाबदलीला कोणी तयार नाही. एका म्हातारीने माझं टेबल बघून, कीव येऊन, स्वतःचा एक दगड फुकट दिला. उद्धट बाई. घेतला.

१६ जानेवारी
'फुकट न्या' अशी पाटी लावली. कोणी नेईना. शेवटी कॅम्पच्या मालकाने रस्त्यातल्या खड्ड्यांत घालायला सगळे नेले. माझी तीस वर्षांची जमवाजमव, आणि तिच्यावरून माझीच गाडी गेली. रडू आलं. टाकीही रिकामी केली.

१७ जानेवारी
काट्यावर गेलो. वजन मर्यादेत. काटे बरोबर होते.

गाडीत आता जागाच जागा आहे. शिलाई मशीन मावेल, तवे मावतील. तिच्याशिवाय करमत नाही. मॅक्सिनला फोन करून सांगितलं, ये, गाडी आता वजनात बसते.

ती म्हणाली, "माझं वजन धरून, का सोडून?"

काट्यावर मी एकटाच गेलो होतो.