गाठ आणि दोन ब्राउझर

मंगळवार, दिवेलागण

सकाळी सुनेनं पेपर वाचून दाखवला. मोबाईलवर काही शोधायचं असलं की ब्राउझर लागतं. मोठ्या कंपनीचं ब्राउझर आपण काय इचारलं ते ध्यानात ठेवतंय म्हणे. दुसरं एक हाय, लोकांनी मिळून केलेलं, फुकटचं. ते ठेवत न्हाई.

परवा कापसाच्या खोलीत जाऊन मी मोबाईलला तोंडानं इचारलं होतं, छातीत हरभऱ्याएवढी गाठ हाय, काय असंल? तवापासून त्याच्यात दवाखान्याच्या जाहिराती यायल्यात. मोबाईल घरात एकच. आयतवारी सोनपेठचे पाहुणे माझ्या पोरीला बघायला येणार. आईला असलं काही हाय, हे त्यांच्या कानावर गेलं तर?

सुनेला म्हणलं, "ते फुकटचं टाकून दे बरं."

"आत्याबाई, काय लपवायलाव?" हसायली.

"गप टाक. लय शहाणी!"

दुपारी टीव्हीवर एक कोटवाला म्हणला, फुकटच्याचा भरवसा न्हाई. आता खरं कोणाचं धरावं?

तरी कापसाच्या खोलीत गेले. नव्याला तेच इचारलं. हरभऱ्याएवढी गाठ. त्यानं बी पहिल्यासारखंच सांगितलं, उशीर करू नका, डॉक्टरला दाखवा.

पेपरात, टीव्हीत ह्या दोघांचं एवढं भांडण. माझ्या गाठीवर मात्र दोघांचं एकमत. पाहुणे येवोत न येवोत. वही ठेवते अन् सुनेला हाक मारते.