ठकीच्या वॉर्डासाठी सायकलवर

प्रिय ठकीच्या बाबा,

सहा वर्षांत माझी एक ओळ नाही आणि आज अचानक हे पाकीट, तू दचकशील. घाबरू नकोस. माझी आई बरी आहे, मीही धडधाकट आहे. बातमी ऐकून हसशील, मी सायकल चालवली. चार दिवसांत तीनशे ऐंशी किलोमीटर. हो, मीच. लग्नानंतर तू मैदानात शिकवायला नेलंस तेव्हा सरळ कुंपणात घुसले आणि वर तुझ्याशीच दोन दिवस अबोला धरला, तीच मी.

ठकी होती त्या वॉर्डाला लागून आईवडिलांना राहायला खोल्या बांधायच्या आहेत. त्याच्या निधीसाठी ही फेरी होती. आमच्या चष्म्याच्या दुकानात फेरीचा कागद लावायला तिथली नर्स आली. ठकीच्या वेण्या घालायची, तीच. मला ओळखून म्हणाली, "ताई, एवढं कराल का आमच्यासाठी?" तिला म्हणायचं होतं, कागद दारावर चिकटवाल का. मी फेरीत माझंच नाव लिहून दिलं.

पाच महिने सराव केला. गल्लीतल्या सायकलवाल्या काकांनी सीट खाली घेऊन दिली. "पाय टेकले की निम्मी भीती जाते," म्हणाले. पहिल्या आठवड्यात तर बसायची सोय उरली नाही. दुकानात उभ्यानंच काचा घासत होते आणि पाठ धरलीय म्हणून सांगत होते. पन्नाशीला आल्यावर हे काय थेर, असं आई रोज म्हणायची आणि पहाटे हाक मारून उठवायचीही तीच. पाचाचे पंधरा किलोमीटर झाले, पंधराचे साठ. रडायला सायकलीसारखी जागा नाही बघ. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलं म्हणता येतं, आणि मुळात कुणी विचारतच नाही.

पहिले दोन दिवस निभावले. तिसऱ्या दिवशी लांबलचक चढ लागला. माझ्याबरोबर एक आजोबा होते, निवृत्त बसड्रायव्हर. त्यांची नात त्याच वॉर्डात गेलेली. दोघंही उतरून सायकली ढकलत होतो. ते आपणहून बोलायला लागले. "जन्मभर गाडी वेळेवर नेली. त्या दिवशीही वेळेवर पोचलो. शेवटी तिचा हात माझ्या हातात होता. तेवढ्यावर दिवस काढतोय." मग म्हणाले, "तुमच्या मुलीजवळ कोण होतं?" मी म्हटलं, "मी." "आणि तिचे वडील?"

सायकल आडवी टाकून मी रस्त्याच्या कडेला बसले. त्यांना वाटलं दम लागला. त्यांनी आपली बाटली दिली आणि ऊन लागू नये म्हणून माझ्यावर सावली धरून उभे राहिले. मागून येणारी फेरीची गाडी थांबली, बसा आत म्हणाले. मी नाही बसले. चढ पायीच संपवला. चौथ्या दिवशी हॉस्पिटलच्या फाटकातून शिरले तेव्हा सगळ्या नर्स टाळ्या वाजवत होत्या. कुणीतरी गळ्यात पदक घातलं, तोंडापुढे माईक धरला. मी नुसतं "ठकी" म्हटलं. आणि माईक परत दिला.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. त्या दुपारी औषधं थांबवायची की नाही यावरून आपण व्हरांड्यात भांडलो. जा घरी, झोप काढ, तुझं इथे काही अडलेलं नाही, असं मीच तुला म्हटलं. अकरा रात्री तू बाकावर काढल्या होत्यास, गेलास. तासाभरात डॉक्टर म्हणाले, वडिलांना बोलावून घ्या. फोन माझ्या हातात होता. लागत नव्हता असं तुला सांगितलं, ते खोटं. मी लावलाच नाही. रागानं म्हण, नाहीतर उरलीसुरली ठकी एकट्या माझ्या वाट्याला यावी म्हणून म्हण, मला अजून नीट सांगता येत नाही. ठकीनं दोनदा विचारलं, "बाबा कुठंय?" मी म्हटलं, "वाटेत आहे, येतोय." ती दाराकडे बघत राहिली. सगळं संपल्यावर मी तुझा नंबर लावला. त्यानंतर दुपारी तुझा डोळा कधी लागला नाही. मी झोपलो नसतो तर पोचलो असतो, म्हणत भिंतीला टेकून बसायचास आणि मी शेजारी गप्प बसायचे. तू घर सोडलंस तेव्हाही गप्पच बसले. क्षमा मागत नाही, मागण्यासारखी ती गोष्टच नाही. पण तुला हे कळायला हवं. चूक तुझ्या झोपेची नव्हती. तुला कुणी उठवलंच नाही.

ठकीची आई