माझ्या हातच्या बारा बाणांबद्दल

मी खाली सही करणारी, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा बाण बनवण्याचा, शिक्षण तिसरी, तीही अर्धी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण घरात वेगळं बोललं जातं.

एक. घर मुलाला. छप्पर गळतं, ते आता त्याने बघावं. आजवर नुसतं वर बघितलंय.

दोन. लहान तराजू दीर घेऊन गेले, तो परत मागू नये. त्याची दांडी एका अंगाला कलते, हे मी त्यांना वीस वर्षं सांगितलेलं नाही.

तीन. रंधा, पिसांची पेटी आणि मोठा तराजू नातीला, पण पाचव्या कलमातल्या अटीवर.

चार. नातीच्या भात्यातले बारा बाण माझ्या हातचे. बाराही एका वजनाचे हवेत आणि तोलही एकाच जागी हवा, मध्यापासून चार बोटं पुढे, तरच नेम बसतो. त्यातल्या एका बाणाची काडी हलकी निघाली. दुसरी शोधायचा मी कंटाळा केला. टोकाकडून पोखरून आत शिसं भरलं, वर टोक बसवलं. काटा बरोबर आला. मी खूश.

पोखरलेली काडी आधी सरळ जाते. मग एक दिवस सुटतानाच तडकते आणि मागचा तुकडा धनुष्य धरलेल्या हातात घुसतो. माझ्या नवऱ्याच्या हातात घुसला होता. पुढे त्या हाताने पेलासुद्धा धरवला नाही. तो बाण सासऱ्यांनी भरलेला. ते जाईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. आणि मी तेच केलं.

नातीला सांगितलं. म्हणाली, "कुठला तो दाखव ना आजी, तेवढाच काढते." बाराही तोलले, बोटावर धरले, ठोकून ऐकले. काम इतकं चोख झालंय की माझं मलाच ओळखेना. "म्हणजे मागच्या वर्षीच्या छातीत दुखण्यासारखंच," म्हणाली, आणि भाता उचलून तिरंदाजीच्या शिबिराला गेली. तेव्हा तिने जाऊ नये म्हणून मी छाती धरून बसले होते, कबूल. हे सोंग नाही.

रविवारी तिथेच तिच्या स्पर्धेची अंतिम फेरी. इथे खुर्चीत बसून मला दोरी ताणल्याचा आवाज येतो.

पाच. अट: बाराही बाण दोन माणसांसमोर मोडावेत. आठवण म्हणून एकही ठेवू नये. नाही मोडले, तर अवजारं विहिरीत टाकावीत.

सहा. मृत्युपत्र मेल्यावर वाचतात, एवढं मला कळतं. हे शनिवार संपायच्या आत तिच्यापुढे वाचावं.

ठिकाण: माझी कामाची खोली. शुक्रवार, तारीख सतरा.

सही: आजी (बाणवाली)

साक्षीदार पहिली: शेजारची शिंपीण.

साक्षीदार दुसरा: दवाखान्यातला कंपाउंडर. सही करून कागद घेतला. सायकलने शिबिराकडे निघालो आहे.