तांबटाची वाळकी फांदी

मंगळवार संध्याकाळ, उधना

शेवग्याची वाळकी फांदी तोडायचा अर्ज सोसायटीत मीच दिला होता. आज ती पाडली. तिच्या खालच्या अंगाला लिंबाएवढं भोक निघालं आणि आत तांबटाची दोन पिल्लं. एक मेलेलंच होतं, दुसरं माझ्या हातावर गेलं.

शेजारच्या मंगलाताई म्हणाल्या, "जाऊ द्या हो सर, तांबट काय कमी आहेत?" नाहीतच. या पक्ष्याला धोका नाही, हे वर्गात मीच शिकवलं. तो वाळक्या लाकडातच घर कोरतो, हेही मीच. मग अर्जाआधी एकदा मान वर करून ते भोक का पाहिलं नाही?

आईबाप चोचीत पिंपळाचं फळ घेऊन अजून येतायत. फांदी होती तिथे फडफडतात, परत तारेवर जाऊन बसतात. फळ काही टाकत नाहीत.