सरकीचा रोजचा मुआयना

१६ जानेवारी १९९४, रविवार. भैंसा.
दमयंती उद्या आदिलाबादला जाणार. शिक्षकांचं ट्रेनिंग. एक भाग आता, दुसरा मार्चमध्ये. दोन्ही पूर्ण केले तरच तिची नोकरी कायम. बॅग भरत होती, परत काढत होती. म्हणाली, रेवतीच्या अभ्यासाचं काय? मी म्हणालो, मी आहे ना. ती म्हणाली, तेच तर.
मग स्पष्टच म्हणाली. पोरीचं काही बिघडलं तर मार्चमध्ये मी जाणार नाही. गेली नोकरी तर गेली.
बिघडण्याचा प्रश्न येत नाही. अठरा वर्षं महसूल खात्यात काढलेल्या माणसापुढे तिसरीचा होमवर्क म्हणजे काय?
संकल्प : रोज सात ते आठ रेवतीचा अभ्यास. रेडिओ बंद.

१७ जानेवारी
स्वयंपाकाला सासूबाई आल्या आहेत. द्वारकाबाई. स्वयंपाक चांगला. तोंड त्याहून तिखट.
होमवर्क मिळाला. घरी एक बी लावायचं. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर रोप घेऊन पालकांसमोर उभं राहायचं आणि ते कसं वाढवलं ते सांगायचं. रेवती वर्गात तोंड उघडत नाही, म्हणून कुमुदिनीबाईंनी मुद्दाम तिचं नाव पहिलं घातलं आहे.
रेवती म्हणाली, मटकी लावू? मी म्हणालो, कापसाच्या गावात राहून मटकी? सरकी लावायची. कापसाच्या जिनिंग मिलचे मुनीम मोतीराम ओळखीचे. मूठभर घेऊन आलो.
पालकाने फक्त मार्गदर्शन करावं, काम मुलाने करावं, या मताचा मी आहे. ग्लासात माती मी भरली. बी मी लावलं. पाणी मी घातलं. ग्लास रेवतीने धरला होता. हलवत होती, म्हणून तोही मी धरला.

१८ जानेवारी, सकाळी ६
मुआयना केला. जागेवर जाऊन पाहणी करण्याला आमच्या कचेरीत अजून निजामाच्या वेळचा हाच शब्द आहे. चमच्याने बी वर काढलं. स्थिती जैसे थे. परत पुरलं.
सासूबाई म्हणाल्या, "काऊन उकरून राह्यले जावईबापू, कोंबडीवानी?"
चमचा धुऊन जागेवर ठेवला.
संध्याकाळी अभ्यास झाला नाही. पाहुणे येण्याची शक्यता होती.

१९ जानेवारी
दोन मुआयने. बी फुगलं आहे असं मला वाटतं. रेवतीला वाटत नाही. बी उताणं होतं. कुशीवर ठेवलं.
रेडिओ फक्त बातम्यांपुरता. त्यानंतरची गाणी आपोआप लागली.

२० जानेवारी
कचेरीत शेजारच्या टेबलाचे भगवानराव मुआयन्याचं ऐकून हसले. मी म्हणालो, मिसल म्हणजे प्रकरणाची फाईल, ती रोज उघडून पाहिल्याशिवाय पुढे सरकत नाही, तसंच बियाचं. ते म्हणाले, "चिंतामणराव, त्या विहिरीची मिसल तं तुमी रोजच उघडता. विहीर बुजली न तवरीक."
विषय वेगळा आहे.
जेवायला मटकीची उसळ. सासूबाईंनी फडक्यात बांधून मोड आणले होते. बोटभर लांब, पांढरेशुभ्र. दोनदा घेतली. जेवताना त्यांना समजावून सांगितलं की यंदाच्या थंडीत या घरात काहीही उगवणं शक्य नाही. त्या माझ्या ताटाकडे पाहत राहिल्या. मग पदर तोंडाला लावून आत गेल्या. वय झालं आहे.

२२ जानेवारी
बी कुजलं. दोष सरकीचा. मोतीरामला जाऊन बोललो. तो म्हणाला, "तुमी सांगतलं कुठं लावायची हाय म्हून? आमी तं म्हशीची समजून देल्ली. पण साहेब, गोठ्यामागं सांडली थे तं उगवून राह्यली."
गोठा आणि सुशिक्षित घर यांत फरक असतो. हे त्याला कळणार नाही.
नवीन पाच बिया लावल्या. आता एकेकीचा मुआयना पाळीपाळीने. कोणत्याही बीवर अन्याय नको.

२३ जानेवारी
रेवतीचं भाषण लिहून काढलं. सुरुवात : माननीय अध्यक्ष महोदय. नंतर जागतिक व्यापारात कापसाचं स्थान. रोपाचा उल्लेख शेवटी, वेळ उरल्यास. तिला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "बाबा, हे तुमीच बोलता का?"
एक काळजीची बाब. अभ्यासाच्या वेळी ती पेलाभर पाणी घेऊन मागच्या अंगणात जाते, रिकामा पेला घेऊन येते. विचारलं तर म्हणते, तहान लागली. एवढी तहान बरी नाही. डॉक्टरांना दाखवलं पाहिजे.

२५ जानेवारी
पाचही बिया गेल्या. प्रत्येकीला समान संधी दिली होती.
दमयंतीचा निरोप आला. उद्या सुट्टी, पहिल्या बसने येते, थेट शाळेत.
दोष कोणाचा हे ठरवण्याची ही वेळ नव्हे. भगवानरावांच्या परसातून एक रोप उपटून आणून ग्लासात खोचलं. याला पूरक साहित्य म्हणतात. सासूबाई म्हणाल्या, "हे तं वांगं हाय." मी म्हणालो, लांबून पान ते पानच.  रेवती नुसती पाहत राहिली. पाहताना ती हुबेहूब दमयंतीसारखी दिसते. हे पूर्वी लक्षात आलं नव्हतं.

२६ जानेवारी
झेंडावंदन उत्तम. वांग्याने वाटेतच मान टाकली. काडीचा टेकू दिला. काडीही पडली.
दमयंती मागे उभी होती, बॅग हातात. तिने ग्लास पाहिला. मग मला पाहिलं.
रेवतीचं नाव पुकारलं. मी ग्लास घेऊन उठलो. तोवर ती पुढे गेलीसुद्धा. तिच्या हातात नारळाची करवंटी. करवंटीत मटकीचं रोप, ताठ, हिरवंगार. हे कुठून आलं, मला माहीत नाही.
बाईंनी विचारलं, कसं वाढवलं? रेवती गप्प.  दमयंतीने बॅग खाली ठेवली. मी भाषणाची पहिली ओळ हळूच सांगितली. रेवतीने माझ्याकडे पाहिलं आणि एकदम मोठ्याने बोलली. "आजीच्या फडक्यातली मटकी घेतली. मातीत ठेवली. रोज पाणी घातलं. आणि उकरून पाह्यलं नाही. उकरलं का मरते."
बाईंनी विचारलं, हे तुला कोणी शिकवलं?
"बाबानं."
टाळ्या. मी उभा राहून सर्वांना नमस्कार केला. वांगं बाकाखाली सरकवलं.

२७ जानेवारी
दमयंती सकाळच्या बसने परत गेली. उरलेलं ट्रेनिंग पुरं करायला. आम्ही सगळे स्टँडवर गेलो होतो. खिडकीतून तिने विचारलं, मार्चचं काय करू? मी घसा साफ केला. पण तिने रेवतीला विचारलं होतं.
रेवती म्हणाली, "तू बेफिकर जाय. बाबाले मी पाह्यतो."
सासूबाईंना खोकल्याची उबळ आली. दमयंती बस सुटेपर्यंत हसत होती. जाते म्हणाली मार्चमध्ये.
म्हणजे तिची नोकरी कायम होणार. पालकाने योग्य वेळी लक्ष घातलं की घर कसं मार्गी लागतं.
सात वाजता अभ्यासाला बसलो. रेवतीने माझ्या ग्लासात नवी माती भरली. तीत मोड आलेली एक मटकी ठेवली. ग्लास माझ्यापुढे सरकवला. रविवारपर्यंत हात लावायचा नाही, म्हणाली. हा माझा होमवर्क.
सोपा आहे.

२८ जानेवारी, सकाळी ६
चमचा सापडत नाही.
सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, "पोरीनं दप्तरात टाकला. उशाशी घेऊन झोपली हाय."