नात्याच्या रकान्यात

११ ऑक्टोबर २००७, गुरु. ब्योब्लिंगेन, जर्मनी

आत टाकलंच शेवटी योनासला. सक्तीच्या लष्करी सेवेला बोलावलं, गणवेश घालणार नाही म्हणाला, म्हणून सात दिवस कासर्नमधल्या, म्हणजे लष्करी छावणीतल्या, कोठडीत. खालच्या मजल्यावरच्या रेनाटेचा मुलगा. नऊ वर्षांचा असताना पहिल्यांदा वर येऊन साबुदाण्याची खिचडी खाल्ली, तेव्हापासून माझ्या लेकीबरोबर, सईबरोबर, आमच्याच घरात. सईच्या मैत्रिणींचं ऐकून मला काकू म्हणायला लागला तो आजतागायत. आता वीस.

सकाळी जिन्यात रेनाटे भेटली, कचऱ्याचा डबा बाहेर ठेवत होती. विचारलं, भेटायला कधी जायचं? म्हणाली, तू जा हवं तर, मी नाही येणार.

तिचं दुखणं कळतं मला. बंदूक नको असेल तर इथे त्याऐवजी त्सिविलडीन्स्ट करता येतो, म्हणजे हॉस्पिटलात, वृद्धाश्रमात काम. रे. स्वतः वृद्धाश्रमात नर्स. ह्या पठ्ठ्याने तेही नाकारलं. सक्तीची सेवा म्हणजे सेवाच नव्हे, म्हणे. तीही लष्कराचीच मागची बाजू, म्हणतो. आईला वाटलं, माझ्या कामालाच नाक मुरडलं.

खरं सांगायचं तर मलाही नाही पटत. म्हाताऱ्यांना सूप भरवण्यात कसलं आलंय लष्कर! पण म्हणून पोराला एकटं सोडायचं?

१३ ऑक्टो., शनि.

स्टुटगार्टला गेले. अशा पोरांना पाठिंबा देणारा एक गट चर्चच्या तळघरात जमतो. सात माणसं, एक थर्मास. कापडी फलकावर कोणता शब्द वर आणि कोणता खाली, ह्यावर दोन तास. मी विचारलं, भेटीची परवानगी कशी काढतात? गेनाऊ, गेनाऊ, अगदी बरोबर, महत्त्वाचा प्रश्न, म्हणाले आणि परत फलक. डोकं उठलं.

एक डीटर म्हणून आजोबा होते, तरुणपणी स्वतः आत जाऊन आलेले. ते म्हणाले, रोज पत्र टाका. रोज टपाल आलं की पहाऱ्यावरच्यांनाही कळतं, ह्याला माणसं आहेत.

रोज लिहायचं ठरवलं. माझं जर्मन म्हणजे der, die, das ह्या तिन्ही लिंगांची भेळ. लिहीन तसंच.

१९ ऑक्टो., शुक्र.

काल सुटला. पुन्हा गणवेश समोर ठेवला, पुन्हा नाही म्हणाला, पुन्हा आत. ह्या खेपेला चौदा दिवस. गटातली बाई सांगते, किती वेळा असं करतील सांगता येत नाही.

तीन फोन केल्यावर भेटीचा फॉर्म मिळाला. नाव, पत्ता, पासपोर्ट. मग रकाना : नातं. मी लिहिलं, टांटे. खरंच, विचारसुद्धा केला नाही. अकरा वर्षं काकू म्हणतोय, काकूला जर्मनमध्ये टांटेच ना? सईने डोकावून पाहिलं, "Stimmt doch gar nicht," हे मुळीच खरं नाही म्हणाली. म्हटलं, मला शिकवू नकोस. पोस्टात टाकून आले.

२१ ऑक्टो., रवि. दसरा

ह्यांनी लॅपटॉपला आणि ड्रिल मशीनला फूल वाहिलं, मी विळीला.

साताऱ्याहून दादांचा, माझ्या वडिलांचा, फोन. सगळी नोकरी लष्करात गेलेला माणूस. म्हणून त्यांना ह्यातलं काही सांगितलं नव्हतं. आज निघालंच तोंडून. वाटलं आता शिव्या घालणार. पण नाही. मग विचारलं, "जेवायला बरं देतात का त्याला?"

यो.चं पत्र काल आलं. एक पान. खिडकी उंच आहे, एकट्याने बुद्धिबळ खेळतो, गणवेश रोज घडी घालून समोर ठेवतात. रात्री कुणाचाही आवाज आला की बरं वाटतं म्हणे. आईबद्दल एक अक्षर नाही. पान उलटून पाहिलं, मागे कोरं.

२४ ऑक्टो., बुध.

भेट नाकारली!

कासर्नमधल्या साहेबाचा फोन. मी भारतीय नाव, भारतीय पासपोर्ट, आणि टांटे कशी, म्हणून त्याने थेट यो.लाच विचारलं, ही तुमची टांटे आहे का? आणि हा शहाणा काय म्हणाला? "नाही. ती माझी काकू आहे." साहेबाने लिहून टाकलं, नातेवाईक नाही.

हो म्हणायला काय झालं होतं? एक अक्षर! सगळ्या जगाला नाही म्हणतोस, मलाही नाहीच का रे मेल्या? रडू आलं रागाने. आजचं पत्र लिहिलं नाही.

२५ ऑक्टो., गुरु.

हे म्हणतात, "खोटं तू लिहिलंस, खरं तो बोलला, मग चिडतेस कुणावर?"

म्हटलं, तुमच्यावर.

पण दुपारी साहेबाला फोन केला, चूक झाली म्हणाले. काकू म्हणजे काय ते समजावून सांगायला गेले आणि निम्म्यात अडकले. रक्ताची नाही, पण परकी पण नाही, आल्झो, म्हणजे... तो ऐकून घेत होता बिचारा. म्हणाला, नियम आहे, मी काही करू शकत नाही. मात्र जवळचं कुणी येणार असेल तर शेजारीण सोबत चालते. शनिवारी दोन वाजता. फॉर्मवर आईची सही हवी, दाराशी दाखवायचा. नवा फॉर्म त्याने फॅक्सने पाठवला.

दोन पत्रं टाकली, कालचं धरून.

२६ ऑक्टो., शुक्र.

रे. चार वाजता ड्यूटीवरून आली. खाली गेले. तिने दारातच फॉर्म वाचला, अंगावर कोट तसाच. मी सगळं सांगितलं, अगदी टांटेचा घोळसुद्धा. हसली नाही.

मग म्हणाली, "तुला पत्रं येतात ना त्याची. माझ्याबद्दल काय लिहितो?"

वाक्य तयार होतं जिभेवर. आईची आठवण येते. बस, एवढंच म्हणायचं होतं. तिने उभ्याउभ्या सही केली असती, आणि मला काय, खोटं बोलायची सवयच. तोंडातून निघालं, "काहीच नाही."

तिने मान हलवली आणि दार लावून घेतलं.

मूर्ख बाई मी. त्याला वाट्टेल ते बोलले आणि वेळ आली तेव्हा स्वतः काय केलं?

वर येऊन हात धुताना लक्षात आलं, फॉर्म तिच्याकडेच राहिला. मागायला जाणार नाही. उद्या गाडी सव्वाअकराची. पावणेअकराला जिना उतरून तिच्या दारासमोर पाच मिनिटं उभी राहीन. बेल वाजवणार नाही.