आहेराची उलाढाल

३ फेब्रुवारी

या आठवड्यात भट्टी एकदाच पेटली. नाथाजी फोरमन सकाळी केबिनच्या दारात आला. "वहिनीसाहेब, पोरं विचारत्यात, सोमवारी यायचं का न्हाई." मी म्हटलं, यायचं. कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे.

आमची फाउंड्री पंपाच्या बॉड्या, म्हणजे बाहेरची लोखंडी कवचं, ओतते, आणि एकही पंपवाला इकडं फिरकत नाही. पाडव्यापर्यंत ऑर्डर आली नाही तर कुलूप, असं आम्ही दोघांनी ठरवलंय. म्हणजे मी बोलले आणि ह्यांनी मान डोलावली. तीस घरांना ते सांगायचं कोणी? मीच. आमचे पारसशेठ अशा वेळी बेदाणा बघायला तासगावला जातात.

९ फेब्रुवारी

सांगली-साताऱ्याच्या उद्योजकांच्या नव्या उद्योग संजीवनी मंडळाची पहिली सभा, सांगलीत विश्रामबागेत. राज्याची अर्थव्यवस्था आता उद्योजकांनीच सावरायची म्हणे. आम्हा जैनांचं जेवण दिवस मावळायच्या आत. सातारकर आले दिवस मावळल्यावर. आमची जेवणं झाली तेव्हा ते वाटेत होते, त्यांची होईपर्यंत आम्ही पेंगत होतो. मधल्या वेळात सत्कार. ह्यांना फेटा बांधला. काढायलाच तयार नाहीत, गाडीतसुद्धा डोक्यावर!

अध्यक्ष लालासाहेब. शिरवळला पंपाचा कारखाना. माइकवर म्हणाले, "राज्याची गाडी चिखलात रुतलीया. आपुनच काढायची. आजपासनं मंडळातल्या मानसानं मंडळातल्या मानसाकडनंच माल घ्यायचा." आणि तिथंच जाहीर केलं – माझ्या सगळ्या बॉड्या ते घेणार! मी बायकांच्या बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

परत येते तो हळदीच्या अडतीचे जिनेंद्रअण्णा उभे. "मग वहिनी, तुम्ही त्यांचे पंप किती घेणार?" सगळी सभा माझ्याकडं बघायला लागली. आपल्याकडं घेतलेला आहेर कमी करून फेडत नाहीत. तोंडातून निघून गेलं, "जेवढ्या बॉड्या, तेवढे पंप. वर एक."

टाळ्या. मला विहीर नाही, शेत नाही. फ्लॅटला पाणी महापालिकेचं.

२० फेब्रुवारी

भट्टी रोज पेटते! पहिल्या बॉडीला नाथाजीनं कुंकू लावलं, नारळ फोडला. आज मी डबा पोटभर जेवले. किती दिवसांनी.

६ मार्च

पंपांचे खोके आले. अंगणभर. त्यातले दोन अण्णांनी घेतले, म्हणून मी त्यांची हळद घेतली. वर एक पोतं. मग अण्णांना कमीपणा, म्हणून त्यांनी आणखी चार पंप घेतले. मग मी... असो. हळद ठेवायची कुठं? फाउंड्रीत. कामगार पिवळे, साचे पिवळे. मेढ्याहून नाथाजीचा मेहुणा आला, त्यानं विचारलं, लग्न कुणाचं हाय.

१४ मार्च

लालासाहेबांनी 'वर एक' ऐवजी वर दोन पंप पाठवले. आता आपण वर तीन बॉड्या. इलाज नाही.

३० मार्च

पाडवा. कुलूप लागलं नाही! गुढी उभारायला अंगणात जागा नव्हती, खोक्यांवर चढून उभारली. साताऱ्यात लालासाहेबांचं भाषण झालं – मंडळाची उलाढाल तिप्पट. दुसऱ्या जिल्ह्यांतले लोक बघायला येणार आहेत. ह्यांचा तिसरा फेटा.

११ एप्रिल

आज एक विचित्र माणूस आला. विश्वजीत नाव, फौजेतून रिटायर, मेढ्याकडं शेती. नाथाजीच्या मेहुण्यानं पाठवलेला. म्हणाला, "म्याडम, एक पंप पायजे."

मी विचारलं, मंडळात कुठल्या गटात आहात?

"गटात न्हाई. हिरीत पाणी हाय. वर चढवायचंय."

हे आतून येऊन त्याला बघून गेले. बदल्यात तुम्ही काय देणार, असंही मी विचारलं – लाज वाटते आता. तो म्हणाला, "आवं, पैसं देनार की." नाथाजीनं खुर्ची पुसून दिली.

खोका फोडला. आत आमचीच बॉडी. हिरवा रंग मारलेली. मोटर नाही, काही नाही. दुसरा फोडला, तोच प्रकार. चौथ्यात तर रंगसुद्धा नाही, नाथाजीचं कुंकू तसंच. वजनाला भक्कम, म्हणून संशय आला नाही इतके दिवस.

१२ एप्रिल

लालासाहेबांना फोन लावला. अहो, मोटर कुठाय?

ते खरंच गोंधळले. "वहिनी, आहेराचं लुगडं कुनी नेसतंय व्हय? फुडं द्यायचं असतंय."

म्हणजे दोन महिने जे ओतलं ते शिरवळला जाऊन माझ्याच अंगणात परत आलं. मला आधी हसू आलं, मग रडू. मग भयंकर राग आला – त्यांचा कमी, माझाच जास्त. खोके अंगणात पडलेले असताना एक उघडून बघावा असं मला वाटलं नाही. मलाही ते पुढं द्यायचेच होते ना.

१५ एप्रिल

बाजारातून मोटर आणि इम्पेलर, म्हणजे आतला पाणी ढकलणारा पंखा, आणले. नाथाजीनं दिवसभर खपून जोडणी केली. विश्वजीत टेम्पोतून घेऊन गेला. संध्याकाळी त्याचा फोन. बोललाच नाही, फोन पाइपाजवळ धरला. पाण्याचा आवाज. नाथाजीला ऐकवला, ह्यांना ऐकवला. हे फेटा काढून ऐकत होते.

१९ एप्रिल

मंडळातून काढलं. बाहेरच्या माणसाला माल विकून तत्त्वाला हरताळ फासला म्हणे. आधी व्यासपीठावर बोलावून शाल, श्रीफळ, मग हकालपट्टी. ऑर्डरही गेल्या.

नाथाजीला मीच सांगितलं. तो म्हणाला, "मग आता कुनाला इकायचं?" मी म्हटलं, ज्याला विहीर आहे त्याला. विश्वजीतच्या शेजाऱ्याला एक पंप हवाय. एकानं काय होतंय? भट्टी आज पेटली नाही. मोटरी बसवायला पोरांनी अंगणातले खोके फोडायला घेतलेत. मला भीती वाटते. खूप वाटते.

२१ एप्रिल

लालासाहेबांचा फोन. आवाज अगदी हळू. "वहिनी, मंडळात कुनाला कळू देऊ नगा... ते गिऱ्हाईक तुमाला घावलं कुठं?"